जुना रेंजफाइंडर घेताना

रेंजफाइंडर म्हणजे दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस साधायचा कॅमेरा. तो हातात आला की लेन्स अनंतावर नेऊन दूरच्या इमारतीच्या कडेकडे बघा. व्ह्यूफाइंडरमधल्या दोन्ही प्रतिमा तंतोतंत एकमेकींवर बसायला हव्यात. आडवी किंवा उभी तफावत दिसली तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा. मग लेन्स काढून शटरच्या कापडी पडद्यावर मागून टॉर्च मारा. सुईच्या टोकाएवढं भोकही फोटोत ठिपका उमटवतं. झोर्की-४ हा सोव्हिएत कॅमेरा असेल तर आधी शटर चढवा, शटरचा वेग नंतरच बदला. उलट केलंत तर यंत्रणा बिघडू शकते, आणि विकणारे हे सांगतीलच असं नाही.

लेन्स निवडताना व्ह्यूफाइंडरमधल्या चौकटी बघा; कोणत्या लेन्सने फोटोत किती दिसेल ते त्या दाखवतात. १९५४ च्या लायका एम३ मध्ये ५०, ९० आणि १३५ मिमीच्या चौकटी आहेत, ३५ ची नाही. ३५ हवी असेल तर लायकाचाच एम२ बरा. माझं मत विचाराल तर पहिली लेन्स ५० मिमी, एफ/२ (लेन्सचं सर्वात मोठं छिद्र) पुरे. अशीच सोव्हिएत जुपिटर-८ लेन्स स्वस्त पडते, पण ती लायकावर लावल्यास जवळचा फोकस किंचित चुकू शकतो. झोर्कीवर ती घरचीच.

काचेत टॉर्च मारून बुरशीचे धागे शोधा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती फार लवकर धरते.