हंगामपूर्व सल्ला: कोणत्या पिकाला किती एकर, हे पेरणीआधी कागदावर ठरवा

पेरणीआधीचे आठ-दहा दिवस हे हंगामातले सगळ्यात स्वस्त दिवस. या दिवसांत झालेली चूक खोडरबराने पुसता येते. उगवण झाल्यावर तीच चूक नांगरावी लागते. मशागत आटोपली असेल आणि पेरणीला अवकाश असेल, तर एक संध्याकाळ या कामासाठी काढा. कोणत्या पिकाला किती एकर द्यायचे, हे सवयीने न ठरवता एकदा मांडून बघा. या मांडणीला रेषीय नियोजन म्हणतात, इंग्रजी नाव लिनिअर प्रोग्रामिंग. नावातल्या ‘प्रोग्रामिंग’मुळे बिचकू नका. अमेरिकी लष्करात पुरवठ्याच्या आणि प्रशिक्षणाच्या आराखड्यांना ‘प्रोग्राम’ म्हणत, तिथून तो शब्द आला आहे. संगणकाची भाषा यायला हवी असे काही नाही.

लिहायच्या तीनच गोष्टी: काय ठरवायचे आहे, काय वाढवायचे आहे आणि काय कमी पडणार आहे. ठरवायचे ते एकर. कमी पडणारे ते जमीन, पाणी आणि मजूर. वाढवायची ती हातात उरणारी रक्कम. इथेच पहिली गफलत होते. एकरी उरणारी रक्कम काढताना फक्त एकराबरोबर वाढणारा खर्च वजा करा: बियाणे, खत, फवारणी, काढणी, वाहतूक. कर्जाचा हप्ता किंवा पंपाची घसारा-दुरुस्ती पेरले तरी द्यायची आणि न पेरले तरी द्यायची. ती प्रत्येक पिकावर वाटून टाकली की चांगले पीकही कागदावर तोट्यात दिसते.

आता एक उदाहरण पेन घेऊनच वाचा. दोन पिके धरू. एक तहानलेले, दुसरे काटक. जमीन १० एकर. हंगामभरात पंपाचे ३६० तास पाणी मिळेल असा अंदाज आहे. मजुरांचे २०० दिवस. तहानलेल्या पिकाला एकरी ६० तास पाणी आणि २४ मजूरदिवस लागतात. काटक पिकाला २० तास आणि १६ मजूरदिवस. तहानलेल्या पिकातून एकरी ५ भाग रक्कम उरते, काटकातून ३ भाग. ‘भाग’ म्हणजे तुमच्या हिशेबातली कोणतीही ठरावीक रक्कम.

बहुतेक जण इथे ५ आणि ३ बघतात आणि तहानलेल्या पिकाच्या मागे लागतात. पण पाणी ६ एकरांतच संपते. मग ४ एकर पडीक आणि हातात ३० भाग. उलट सगळे १० एकर काटक पीक लावले तरी हातात येतात ३० भागच, आणि निम्म्याच्या जवळपास पाणी वाया जाते. दोन्ही टोके सारखीच.

चौकटीचा कागद घ्या. आडव्या रेषेवर तहानलेल्या पिकाचे एकर, उभ्या रेषेवर काटकाचे. जमिनीची रेघ आडव्या रेषेवरच्या १० पासून उभ्या रेषेवरच्या १० पर्यंत जाते. पाण्याची रेघ आडव्यावरच्या ६ पासून उभ्यावरच्या १८ पर्यंत. मजुरांची रेघ आडव्यावर ८ च्या जरा पुढे सुरू होऊन उभ्यावर साडेबाराला टेकते. तिन्ही रेघांच्या आतल्या बाजूला जो तुकडा उरतो, तेवढेच तुम्हाला शक्य आहे. त्याचे कोपरे चार: काहीच न पेरणे, ६ एकर तहानलेले, १० एकर काटक, आणि जमीन व पाण्याच्या रेघा एकमेकींना छेदतात तो ४ आणि ६ चा कोपरा. या शेवटच्या कोपऱ्यावर ४ एकर तहानलेले आणि ६ एकर काटक, म्हणजे २० आणि १८ मिळून ३८ भाग.

आतला एखादा बिंदू याहून चांगला कशावरून नसेल? पट्टी घ्या. आडव्यावर ३ आणि उभ्यावर ५ यांना जोडणारी रेघ आखा. या रेघेवर कुठेही उभे राहा, रक्कम १५ भागच. आता पट्टीचा कल न बदलता ती बाहेरच्या बाजूला सरकवा. रक्कम वाढत जाते, आणि तुकडा सोडताना पट्टी शेवटची टेकते ती कोपऱ्यालाच. फार तर एखादी संपूर्ण कड एकदम सुटते, पण तिच्या टोकांनाही कोपरेच असतात. सगळ्या विषयाचा पाया एवढाच आहे. अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत अशीच एका कोपऱ्यावरून शेजारच्या अधिक चांगल्या कोपऱ्यावर चालत जाते आणि पुढे चांगला कोपरा उरला नाही की थांबते. पुढे १९८४ मध्ये भारतीय गणितज्ञ नरेंद्र करमरकर यांनी कोपऱ्यांची वाट सोडून थेट आतून जाणारी पद्धत दिली. प्रचंड मोठ्या मांडण्यांना ती कामाची. आपल्या दहा-वीस ओळींच्या मांडणीला सिम्प्लेक्स पुरते.

खरी कमाई मात्र ३८ या आकड्यात नाही. कागदाला पुढचा प्रश्न विचारा: अडले कुठे?

४ आणि ६ च्या कोपऱ्यावर जमीन पूर्ण लागली, पाणीही पूर्ण लागले. मजूरदिवस लागले १९२, म्हणजे ८ शिल्लक. मजूर मिळत नाहीत ही तक्रार खरी असली, तरी या मांडणीत मजुरांनी काही अडवलेले नाही. आणखी मजूर आले तरी एक पैसा वाढणार नाही. पाण्याचे २० तास वाढले तर? तेव्हा उत्तर साडेचार आणि साडेपाच एकर असे येते, रक्कम ३९. म्हणजे २० तासांची किंमत १ भाग. याला छाया किंमत म्हणतात. बाजारात पाणी कितीला मिळते याच्याशी तिचा संबंध नाही. तुमच्या शेतावर, या हंगामात, जादा पाण्याने किती पदरात पडेल ते ती सांगते. पाणी विकत घ्यायचे, ठिबकवर खर्च करून ते वाचवायचे, की शेजाऱ्याला द्यायचे, हे या आकड्याशी ताडून ठरवा.

जमिनीची छाया किंमत निघते एकरी २ भाग. मग शेजारचा एकर २ भागांच्या आत खंडाने मिळाला तर घ्यावा का? घाई करू नका. छाया किंमत ठरावीक टप्प्यापर्यंतच खरी असते. जादा जमीन दोन-तृतीयांश एकर झाली की मजुरांचे २०० दिवस संपतात. त्यापुढची जमीन कागदावर फुकट घेतली तरी रक्कम वाढत नाही. पूर्ण एकराने हातात जादा येतात ते फक्त १ आणि एक-तृतीयांश भाग. दीड भाग खंड ठरवून घेतलेला एकर तोट्यात जातो, आणि वर्षअखेरीस आपण दोष देतो भावाला. पाण्याचेही तसेच: ४०० तासांपर्यंत दर २० तासांना १ भाग, त्यानंतर मजूर आडवे येतात आणि पुढच्या २० तासांना एक-तृतीयांश भागच मिळतो.

‘भाव काय मिळेल कुणाला ठाऊक, मग या हिशेबाला अर्थ काय’ हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. त्याचे उत्तरही याच कागदावर आहे. काटक पिकाचे ३ भाग कायम ठेवून तहानलेल्या पिकाचे ५ खालीवर करून बघा. ते ३ च्या वर आणि ९ च्या खाली असेपर्यंत उत्तर हलत नाही, ४ आणि ६ एकरच. उरणारी रक्कम बदलेल, पेरणी बदलणार नाही. एवढ्या मोठ्या पट्ट्यात अंदाज चुकला तरी चालत असेल, तर भावाच्या चर्चेत रात्री घालवण्यापेक्षा पाण्याचे तास नीट मोजणे जास्त मोलाचे. अंदाज नेमका ३ च्या किंवा ९ च्या आसपास असेल तरच डोके खाजवा.

आता मांडणीतल्या चुका. सगळ्यात मोठी म्हणजे हंगामाची बेरीज करून मोकळे होणे. मजुरांचे २०० दिवस हंगामभर सारखे पसरलेले नसतात. खुरपणी आणि काढणीच्या पंधरवड्यात ते एकदम लागतात आणि मधले तीन आठवडे कुणाला काम नसते. मी पहिल्यांदा मांडणी केली तेव्हा काढणीचा पंधरवडा वेगळा लिहायचे विसरलो. कागदाने जे क्षेत्र सुचवले, ते वेळेत काढायला दुप्पट माणसे लागली असती. म्हणून अडचणीचा प्रत्येक पंधरवडा वेगळी ओळ करून लिहा. पाण्याचेही तसेच करा, फुलोऱ्याच्या काळासाठी स्वतंत्र ओळ.

दुसरी गोष्ट, ही पद्धत सगळे सरळ रेषेत आहे असे धरून चालते. दुप्पट एकर, दुप्पट उत्पन्न. तुमच्या शेतात चार एकर चांगली आणि सहा एकर हलकी जमीन असेल, तर त्या दोन वेगळ्या जमिनी म्हणून लिहा आणि प्रत्येक पिकाचे उत्पन्न दोन्हींवर वेगळे धरा. खताची गोष्ट तशीच: दुसऱ्या पोत्याचा परिणाम पहिल्याएवढा नसतो, म्हणून कमी खताचे आणि जास्त खताचे पीक ही दोन वेगळी पिके समजा. फेरपालटही कागदाला सांगितल्याशिवाय कळत नाही. गेल्या हंगामात ज्या तुकड्यात जे होते, ते तिथे पुन्हा नको असेल तर तशी मर्यादा घाला.

धास्तीही लिहिता येते. तहानलेल्या पिकावर रोग आला तर काय, म्हणून ते ३ एकरांपेक्षा जास्त नको असे वाटत असेल तर तशी ओळ घाला. उत्तर ३ आणि ७ एकर येईल, रक्कम ३६. त्या सावधगिरीची किंमत २ भाग. ती परवडते की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला विचाराल तर पहिल्या वर्षी मी देईन.

जनावरांच्या खुराकाला हीच मांडणी उलटी लागते. तिथे खर्च कमीत कमी करायचा, आणि मर्यादा ‘किमान इतके’ अशा: प्रथिने, ऊर्जा, कॅल्शियम. ही वाट जुनी आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९४५ मध्ये ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषक घटक घेऊन एका माणसाचा वर्षाचा सगळ्यात स्वस्त आहार जवळपास अंदाजानेच काढला: ३९.९३ डॉलर. १९४७ मध्ये सिम्प्लेक्सने तोच हिशेब सोडवला तेव्हा टेबलावरच्या गणनयंत्रांवर १२० मनुष्यदिवस लागले आणि उत्तर आले ३९.६९. आज तेवढे काम फोनवर पापणी लवायच्या आत होते.

पण ‘किमान’बरोबर ‘कमाल’ लिहायला विसरू नका. डँट्झिग यांनी स्वतःचे वजन उतरवण्यासाठी पोट जास्तीत जास्त भरेल असा आहार मांडला, तर यंत्राने रोज ५०० गॅलन व्हिनेगर प्या असे सांगितले. व्हिनेगर काढून टाकले, तर सूपच्या २०० वड्या आल्या. यंत्र चुकले नव्हते. वरची मर्यादाच लिहिलेली नव्हती. खुराकात हा विनोद महागात पडतो. युरियातला नत्र प्रथिनांच्या हिशेबात धरला की तो सगळ्यात स्वस्त दिसतो, आणि कमाल मर्यादा नसेल तर कागद तो भरमसाट घालतो. जास्त युरियाने जनावराला विषबाधा होते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांसाठीही मर्यादा पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्या. वासरांच्या आणि कोंबड्यांच्या खुराकात तो नकोच.

दोनपेक्षा जास्त पिके असतील तर चौकटीचा कागद पुरत नाही. एक्सेलमध्ये सॉल्व्हर हे जोडसाधन सुरू करा. लिब्रे ऑफिस कॅल्कमध्ये ते टूल्सच्या यादीत असते. एका ओळीत पिकांचे एकर, खाली प्रत्येक मर्यादेची एक ओळ, शेवटी एकूण रक्कम. एक्सेलमध्ये पद्धत ‘सिम्प्लेक्स एलपी’ निवडा आणि एकर ऋण होऊ नयेत ही खूण करा, नाहीतर उणे दोन एकर पेरा असेही उत्तर येऊ शकते. उत्तर आल्यावर ‘सेन्सिटिव्हिटी’ अहवाल मागा. छाया किमती आणि त्या कुठपर्यंत लागू ते त्यात मिळते. पाणी तासांत लिहिले असेल तर वरच्या उदाहरणात किंमत ०.०५ दिसेल, ती एका तासाची आहे. गायी किंवा झाडे यांसारखी अर्धी न होणारी गोष्ट असेल तर पूर्णांकाची अट घालता येते, पण मग हा अहवाल मिळत नाही.

पेरणी झाल्यावर फाइल पुसू नका. पेरलेले एकर आता पक्के झाले. ते तसेच भरा, वापरलेले पाणी वजा करा, आणि पाऊस लांबला किंवा पंप बंद पडला की उरलेल्या तासांवर पुन्हा सोडवा. त्या वेळी प्रश्न एकरांचा नसतो, कोणत्या तुकड्याची पाळी सोडायची याचा असतो, आणि तिथे एकरी रकमेऐवजी एका पाळीमागे किती नुकसान वाचते तो आकडा घाला.