इंडक्शन, ओव्हन आणि हॉबच्या पॉइंटसाठी भिंतीतला बॉक्स कसा निवडावा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनच्या सॉकेटजवळ जळकट वास येऊ लागला, म्हणून मेन स्विच बंद करून प्लेट उघडली. सॉकेटच्या फेजच्या छिद्राची कड तपकिरी पडली होती. आत तीन मॉड्यूलच्या (एक मॉड्यूल म्हणजे एका स्विचची रुंदी) बॉक्समध्ये सहा तारा कोंबलेल्या होत्या आणि प्लेट दाबून बसवताना त्यांतली एक तार स्क्रूखालून अर्धी बाहेर सरकली होती. सॉकेट चांगल्या प्रतीचे होते आणि तारही पुरेशी जाड होती; जागा मात्र अपुरी होती. ढिल्या सांध्यातून मोठा प्रवाह वाहिला की तो सांधा तापतो, तापल्याने आणखी ढिला होतो, आणि हे सारे भिंतीच्या आत, नजरेआड घडत राहते. नवे घर बांधताना टाइल्सच्या रंगावर आठवडाभर चर्चा होते, पण बॉक्सचा निर्णय वायरमनवर सोपवला जातो. तो घरमालकाने स्वतः समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

बॉक्सचे माप ठरवण्याआधी उपकरणावरची, वॅटचा आकडा लिहिलेली पट्टी वाचावी. आपला पुरवठा २३० व्होल्टचा असल्यामुळे वॅटच्या आकड्याला २३० ने भागले की अँपिअर मिळतात. २,००० वॅटची एका चुलीची इंडक्शन शेगडी सुमारे ८.७ अँपिअर घेते, ३,५०० वॅटचा ओव्हन सुमारे १५.२ अँपिअर घेतो आणि ओट्यात बसवलेला चार चुलींचा ७,००० वॅटचा विजेचा हॉब ३० अँपिअरच्या पुढे जातो. पहिल्याला १६ अँपिअरचे सॉकेट निर्धास्तपणे पुरते. ओव्हन कागदावर त्याच सॉकेटात बसतो खरा, परंतु तासभर सतत चालणारे उपकरण सॉकेटच्या कमाल मर्यादेला टेकवू नये. साधारण ३,००० वॅटच्या पुढे प्लगऐवजी डीपी स्विचमधून (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणाऱ्या स्विचमधून) थेट जोडणी घ्यावी, हे माझे मत आहे. हॉबला तर ३२ अँपिअरचा डीपी स्विच आणि स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा स्विच, हवीच. अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये रेंजसाठी ५० अँपिअरचे चार पिनांचे सॉकेट आणि त्याचा मोठा चौकोनी बॉक्स दाखवतात. ती त्यांच्या १२०/२४० व्होल्टच्या पुरवठ्याची व्यवस्था आहे, ती मापे इथे लागू पडत नाहीत.

तारेच्या बाबतीत नागपूरचा उन्हाळा हिशेबात धरावाच लागतो. २३ मे २०१३ रोजी आपल्या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि मे महिन्यात पश्चिमेकडची भिंत संध्याकाळी हाताला चटका देते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पीव्हीसी आवरणाच्या तांब्याच्या तारेची क्षमता आंतरराष्ट्रीय तक्त्यांत ३० अंशांसाठी दिलेली असते आणि ४५ अंशांवर तिचा सुमारे ७९ टक्के भागच उरतो. भिंतीतल्या पाइपातून जाणारी ६ चौरस मिलिमीटरची तार ३० अंशांवर ४१ अँपिअर वाहून नेते, ती ४५ अंशांवर जेमतेम ३२ वर येते. ४ चौरस मिलिमीटरची तार ३२ वरून २५ वर येते. याच पाइपातून चिमणीची किंवा फ्रिजची लाइन नेली, तर क्षमता आणखी घटते. म्हणून हॉबसाठी ६ चौरस मिलिमीटरची तार वेगळ्या पाइपातून न्यावी, आणि ओव्हनसाठी ४ ची वापरावी.

आता बॉक्सकडे वळू. १६ अँपिअरचे सॉकेट दोन मॉड्यूल जागा घेते आणि त्याचा स्विच एक, त्यामुळे दुकानदार साहजिकच तीन मॉड्यूलचा बॉक्स पुढे करतो. प्लेटच्या दृष्टीने तो हिशेब बरोबर असला, तरी मॉड्यूलची संख्या फक्त पुढच्या तोंडाची रुंदी सांगते. तारांना लागणारी जागा मागे असते. प्रत्येक तारेची निदान सहा इंच लांबी बॉक्समध्ये राहू द्यावी, म्हणजे पुढे कधी सॉकेट बदलताना ते बाहेर ओढून काम करता येते. ४ चौरस मिलिमीटरच्या तीन तारा आणि त्यांची वळणे तीन मॉड्यूलच्या बॉक्समध्ये कशीबशी मावतात, पण तिथूनच दुसऱ्या पॉइंटला लूप (पुढची जोडणी) काढली की तारा सहा होतात, आणि आमच्या घरी जे झाले ते होते. ओव्हनसाठी चार मॉड्यूलचा, शक्य असल्यास सहा मॉड्यूलचा बॉक्स घ्यावा, उरलेल्या जागी ब्लँक प्लेट लावावी आणि या पॉइंटवरून लूप मुळीच काढू नये. ६ चौरस मिलिमीटरची तार बोटांनी सहज वळत नाही, म्हणून हॉबच्या डीपी स्विचला सहा मॉड्यूलपेक्षा लहान बॉक्स देऊ नये. बॉक्सची खोली निदान ५० मिलिमीटर असावी. इतवारीच्या बाजारात बॉक्स घेताना मोजपट्टी सोबत नेऊन ही खोली आतून मोजावी, कारण बाहेरून सारखे दिसणारे बॉक्स आत उथळ निघतात.

बॉक्स गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा घ्यावा. प्लॅस्टिकच्या बॉक्सचे स्क्रूचे कान दोन-तीनदा उघडझाप केल्यावर झिजतात आणि प्लेट हलू लागते, तर साध्या लोखंडाला ओल्या गिलाव्यात गंज धरतो. धातूच्या बॉक्सला अर्थिंगची हिरवी तार जोडलीच पाहिजे, आणि पाइपासाठी पाडलेल्या छिद्राच्या धारदार कडेवर बुश (कड झाकणारी गोल कडी) बसवला पाहिजे, नाहीतर तार ओढताना आवरण सोलले जाते. बॉक्स आणि प्लेट एकाच कंपनीची घेतल्यास स्क्रू नेमके जुळतात.

आपल्याकडे आतल्या भिंती बहुधा राखेच्या विटांच्या, ४ इंची असतात. त्यात ५० मिलिमीटरचा बॉक्स निम्मी जाडी खातो, म्हणून त्याच जागी पलीकडच्या खोलीतही बॉक्स नसावा आणि पाइपासाठीची झिरी (भिंतीतली खाच) शक्यतो उभीच मारावी. बॉक्सची कड गिलाव्याशी नव्हे, तयार टाइलशी समतल हवी. त्यासाठी टाइलचा तुकडा आणि त्यामागच्या मसाल्याची जाडी धरून बॉक्स तितका पुढे ठेवावा. जागा शेगडीच्या बाजूला, हात सहज पोहोचेल अशी असावी. शेगडीच्या वर किंवा सिंकजवळ नसावी. बिल्ट-इन ओव्हनचा पॉइंट त्याच्या मागे न देता शेजारच्या कपाटात द्यावा, म्हणजे ओव्हन न काढता तो बंद करता येतो.

हॉब घेण्यापूर्वी महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार पाहावा आणि कमी असल्यास वाढवून घ्यावा. या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा, आणि जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. गिलाव्याच्या आधी बॉक्समध्ये वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरून ठेवावेत, म्हणजे आत मसाला जात नाही. उपकरण बसल्यावर ते तासभर पूर्ण क्षमतेवर चालवावे आणि प्लेटवर तळहात ठेवून पाहावा. ती गरम लागली, तर मेन बंद करून वायरमनकडून प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळून घ्यावा.