फायरवॉल चालू ठेवूनच वायफाय प्रिंटर जोडला

खानापुरात मामांचं झेरॉक्सचं दुकान आहे. नवा राऊटर बसवला आणि कॉम्प्युटरवर वायफाय प्रिंटर दिसेनासा झाला. मोबाईलवरून मात्र प्रिंट येत होती. म्हणजे प्रिंटर ठणठणीत, अडचण कॉम्प्युटरमध्येच. "फायरवॉल बंदच करून टाक की," मामा म्हणाले. फायरवॉल म्हणजे बाहेरून कॉम्प्युटरमध्ये शिरू पाहणारं नको ते अडवणारी सोय. मला ते बंद करणं पटेना. त्या मशीनवर गिऱ्हाइकांची आधार कार्डं, जमिनीचे उतारे, शाळेचे दाखले असतात. ते उघड्यावर टाकायचे नाहीत.

विंडोज नवं नेटवर्क सहसा 'पब्लिक', म्हणजे परकं, धरतं, मग आजूबाजूची उपकरणं दिसत नाहीत. सेटिंग्जमधून दुकानाचं वायफाय 'प्रायव्हेट', म्हणजे भरवशाचं, केलं, नेटवर्क डिस्कव्हरी (आजूबाजूची उपकरणं शोधायची सोय) चालू केली. प्रिंटर लगेच दिसला. (बसस्टँडवरच्या फुकट वायफायला हे कधीच करू नका.)

स्कॅन अजून अडत होतं. प्रिंट कॉम्प्युटरकडून बाहेर जाते, बहुधा ९१०० किंवा ६३१ पोर्टवर (पोर्ट म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याचं क्रमांक दिलेलं दार). पण प्रिंटरचं बटण दाबून केलेलं स्कॅन बाहेरून आत येतं, आणि फायरवॉल नेमकं तेच रोखते. म्हणून स्कॅनच्या प्रोग्रॅमला फक्त प्रायव्हेट नेटवर्कपुरती परवानगी दिली. राऊटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ताही (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) राखून ठेवला, नाहीतर पत्ता बदलला की प्रिंटर पुन्हा 'ऑफलाइन' दाखवतो.