पोरगा सैनिकी शाळेत निघालाय? मग मे महिन्यात त्याला एवढं शिकवून ठेवा

लिस्टमध्ये नाव आलं, मेडिकल पार पडलं, घरात कंदी पेढे वाटून झाले की प्रत्येक आईवडलांचा पहिला प्रश्न असतो, ट्रंक कुठली घ्यायची. कुठलीपण घ्या, कडी नीट बसली पाहिजे एवढं बघा. मी स्वतः सहावी ते बारावी सैनिकी शाळेच्या होस्टेलला काढलीय, मागच्या वर्षी भाच्याची तयारी करून घेतली, विटा, तासगाव, कोरेगावकडच्या ओळखीच्या घरांतून अजून फोन येत असतात आणि सगळ्यांना माझं एकच सांगणं असतं: अकॅडमीवाल्यांनी वर्षभर गणितं घोटून घेतली पण स्वतःचे मोजे धुवायला पोराला कुणी शिकवलं नाही, आणि पहिल्या टर्मला पोरगं रडतं ते गणितामुळे नाही, मोज्यांमुळे.

प्रवेश परीक्षेचं थोडक्यात सांगतो, कारण त्याची माहिती सगळीकडे मिळते. साताऱ्याची सैनिक स्कूल १९६१ साली सुरू झाली, देशातली पहिली. तिथे सहावी आणि नववीला प्रवेश मिळतो. सहावीसाठी ३१ मार्चला मुलाचं वय १० ते १२ च्या मध्ये पाहिजे, पेपर ३०० मार्कांचा आणि त्यातले १५० एकट्या गणिताला. पूर्वी ही शाळा फक्त मुलांची होती, २०२१ पासून सहावीला मुलीपण घेतात, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते पोरीलापण तेवढंच लागू आहे.

आता बूट. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सकाळी फॉल-इनला, म्हणजे रांगेत उभं राहिल्यावर, उस्तादांची (कवायत घेणाऱ्या फौजी शिक्षकांची) नजर पहिल्यांदा खाली जाते. मला हे आमच्या गल्लीतल्या रिटायर्ड हवालदार नानांनी शिकवलं, ओट्यावर बसवून, शाळेत जायच्या आधी. आपल्या सातारा-सांगलीकडे असा एक तरी फौजी माणूस प्रत्येक गावात सापडतोच, अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर घराघरात, तर पोराला चार दिवस त्यांच्याकडे बसवा, ते आनंदाने शिकवतात. नाड्या आधी काढायच्या. कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, टाचेच्या आणि शिवणीच्या कडेची माती जुन्या टूथब्रशने काढायची. मग जुन्या सुती बनियनचा तुकडा दोन बोटांना घट्ट गुंडाळायचा, पॉलिश अगदी कमी घ्यायचं, डबीला फडकं नुसतं टेकवायचं, आणि छोटे छोटे गोल फिरवत लावायचं. पोरं इथंच चुकतात, थापतात, आणि मग वर चिकट थर बसतो आणि धूळ धरतो. दहा मिनिटं ठेवून ब्रश मारायचा. शेवटी पुढच्या टोकावर पाण्याचा एक थेंब, तेच फडकं, परत गोल गोल, अगदी हलक्या हाताने. पहिल्यांदा बूट उलट मळकट दिसतो, तिथं थांबायचं नाही, चालू ठेवलं की हळूहळू त्यात ट्यूबलाइट दिसायला लागते. आणि ओल्या बुटाला पॉलिश लावायचंच नाही. आत पेपरचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे, सकाळपर्यंत काम होतं.

ओल्या बुटावरून मोज्यांवर येतो. टर्म सुरू होते जूनच्या आसपास आणि साताऱ्याचा पाऊस एकदा लागला की दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. युनिफॉर्म धोब्याकडे जातो पण मोजे, रुमाल, चड्डी-बनियन ज्याचं त्याने रोज आंघोळीच्या वेळीच धुवून टाकायचं, साठवायचं नाही. धुतलेले मोजे पिळून झाले की कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून टॉवेलसकट परत पिळायचे, अर्धं पाणी तिथंच निघून जातं. मोज्यांच्या जोड्या शाळेच्या यादीत लिहिल्यात त्यापेक्षा चार जास्त द्या, सगळ्या एकाच रंगाच्या आणि एकाच कंपनीच्या, म्हणजे एक हरवला तरी जोडी जमते. आणि प्रत्येक कपड्यावर, हो, चड्डीवरसुद्धा, पोराचा शाळेतला नंबर घालायचा, मार्करने नाही तर दोऱ्याने शिवून, कारण मार्कर चार धुण्यात जातो.

बेड लावणं, मच्छरदाणी घडी करून ठेवणं, बटण शिवणं, स्वतःची नखं कापणं, हे आईने करून द्यायचं मे महिन्याच्या पहिल्या तारखेपासून बंद करा. वाईट वाटतं, माझ्या बहिणीलापण वाटलं, पण करा.

खाण्याचं म्हणाल तर मेसमध्ये पोटभर मिळतं, फक्त वेळ कमी असते आणि आवडनिवड चालत नाही. दोडका खात नाही, भोपळा खात नाही असलं पोरगं असेल तर दोन महिने घरात तेच करा. घाईत पण नीट जेवायची सवय लागू द्या, दूध संपवायची पण. चिवडा-लाडू दिलात तर एकट्यापुरते देऊ नका, डॉर्मला पुरतील एवढे द्या, पहिल्या रात्री डबा उघडला की मित्र तिथंच होतात.

सीनियरांबद्दल नीट बोलून ठेवा. पाणी भरून आण, जागा धर, सर म्हण, हे चालतं आणि त्यातून पोरगं शिकतंपण. पण मारणं, पैसे मागणं, अंगाला हात लावणं हे चालत नाही, आणि हे पोराला स्पष्ट शब्दांत सांगा की असं झालं तर त्याच दिवशी हाऊस मास्टरला (होस्टेल सांभाळणाऱ्या सरांना) सांगायचं, मॅट्रनला (पोरांची देखभाल करणाऱ्या बाईंना) सांगायचं, घरी सांगायचं, त्याला चुगली म्हणत नाहीत. मला एका सीनियरने पट्ट्याने मारलं होतं आणि मी महिनाभर गप्प राहिलो, पाठीवरचे वळ शर्टाखाली लपवत. शेवटी सांगितलं तेव्हा एका संध्याकाळीत प्रश्न मिटला. तो महिना फुकट गेला माझा. ताप असेल, पाय मुरगळला असेल तरीपण तसंच, लपवून पीटीला पळायचं नाही, एमआय रूमला, म्हणजे शाळेच्या दवाखान्यात, जायचं.

सोडायला जाल त्या दिवशी सामान लावून द्या, बेडखाली ट्रंक सरकवा आणि निघा. गेटपाशी तासभर थांबू नका, वडलांनी डोळे पुसलेले पोराने बघितले की त्याची रात्र अवघड जाते. पत्ता घातलेली, तिकिटं लावलेली दहा-बारा पाकिटं ट्रंकेत ठेवून या, फोनवर पोरं नीट बोलत नाहीत, मागे लाईन उभी असते. पहिलं पत्र येईल त्यात “न्यायला या” असंच असणार. सगळ्यांच्यात तेच असतं. लगेच एसटी पकडून जाऊ नका, मारहाणीचं किंवा आजारपणाचं काही नाही ना एवढी हाऊस मास्टरांकडे चौकशी करा आणि त्याच दिवशी उलट पत्र टाका, त्यात घरचं सगळं लिहा, म्हैस व्याली का, शेजारच्यांनी घर रंगवलं का, आणि त्याला विचारा की शेजारच्या बेडवर कोण आहे, कुठल्या गावचा आहे. भाच्याच्या चौथ्या पत्रात न्यायला या हे नव्हतंच, फुटबॉलचे स्टॉकिंग्ज मागवले होते, दोन जोड्या, एक शेजारच्या बेडवाल्यासाठी.