पोहे आणि २९०

टाईप वन डायबेटीस झाला तरी पोहे सोडणार नाही, हा माझा हट्ट. पण नाश्त्यानंतर दोन तासांनी मीटरवर शुगर २९०. घाबरून जास्तीचं इन्सुलिन टोचायचं, की जेवायच्या आत ६२ आणि हात लटलट कापतायत.

चूक 'एक प्लेट' या मापात होती. आईची प्लेट म्हणजे डोंगर! शेवटी वजनकाटा आणला. कोरे पोहे ५० ग्रॅम म्हणजे साधारण ३८ ग्रॅम कर्बोदकं. मी २५ धरत होतो. बटाटा तर हिशेबातच नव्हता.

शिवाय सुई टोचून लगेच घास. जलद इन्सुलिन कामाला लागायला पंधरा-एक मिनिटं लागतात. आता डॉक्टरांना विचारून कांदा परतायला टाकला की डोस घेतो, ताट येईपर्यंत वेळ बरोबर जुळते. शुगर आधीच कमी असेल तर ती वर आणल्याशिवाय सुई नाही. त्यांनी माझं सकाळचं प्रमाणही बदललं: एरवी १२ ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट इन्सुलिन, सकाळी ८ ग्रॅमलाच एक. आणि घाबरून वरचा डोस बंद, कारण आधीचा चारेक तास अंगात असतो.

काल दोन तासांनी १५८. शेंगदाणे जरा जास्तच घातले होते.