रॅब-५ ‘मेलं’ म्हणण्याआधी या चुका टाळा

एप्रिल उजाडला की आमच्या जळगावच्या लॅबमध्ये हमखास कुणीतरी येऊन सांगतं, “सर, प्रोटीन खराब आलंय.” मी विचारतो, खराब आलं की आपल्याकडे आल्यावर खराब झालं? पेशीच्या आतली वाहतूक शिकणाऱ्यांना मानवी रॅब-५ हे प्रोटीन लागतंच. पेशीने बाहेरून घेतलेला माल ज्या पहिल्या थांब्यावर उतरतो, त्या अर्ली एन्डोसोमचा हा कारभारी. पेशीतल्या पिशव्यांची वाहतूक कशी चालते हे उलगडल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि झ्यूडहोफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं. विषय मोठा आहे आणि प्रोटीन महाग. फेलोशिपच्या पैशातून मागवलेली ट्यूब वाया गेली की पोरं रडकुंडीला येतात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो प्रोटीनची अवस्था न बघितल्यामुळे. जीटीपी आणि जीडीपी हे पेशीतले दोन छोटे रेणू, म्हणजे न्यूक्लिओटाइड. रॅब-५ ला जीटीपी चिकटलेलं असेल तर ते चालू, जीडीपी चिकटलेलं असेल तर बंद. ई. कोलाय या बॅक्टेरियात बनवलेलं, शुद्ध केलेलं रॅब-५ बहुतेक वेळा जीडीपी घेऊनच हाती येतं. चालू रॅब-५ ईईए-१ या दुसऱ्या प्रोटीनला धरतं. ते तसंच, म्हणजे जीडीपीसकट, ईईए-१ सोबत पुल-डाउनला (एक प्रोटीन दुसऱ्याला धरून ओढतं का, ही चाचणी) लावलं तर जेलवर बँड येणार नाहीच. प्रोटीन मेलेलं नाही, बंद आहे. आधी न्यूक्लिओटाइड बदलून घ्या: ईडीटीएने मॅग्नेशियम ओढून घ्या, भरपूर जीटीपी-गॅमा-एस (सहज न तुटणारं जीटीपी) घाला, थांबा, आणि शेवटी ईडीटीएपेक्षा जास्त मॅग्नेशियम क्लोराइड घालून दार बंद करा. ही शेवटची पायरीच लोक विसरतात. मॅग्नेशियमविना न्यूक्लिओटाइड निसटतं आणि रिकामं रॅब-५ लवकर गुठळ्या धरतं. साधं जीटीपी वापरलं तर प्रोटीन स्वतःच ते हळूहळू तोडून पुन्हा बंद होतं. जीडीपी भरलेला नमुना शेजारच्या लेनमध्ये हवाच, नाहीतर आलेल्या बँडलाही अर्थ नाही. आणखी एक, प्रोटीएज इनहिबिटरची (प्रोटीन तुटू नये म्हणून घालायची) गोळी ईडीटीए नसलेली घ्या, नाहीतर ती मॅग्नेशियम ओढून घेते. ही बारीक गोष्ट आमच्याकडे दोन आठवडे खाऊन गेली.

दुसरी चूक मोजमापाची. २८० नॅनोमीटरवर नुसतं प्रोटीन दिसत नाही, त्याला चिकटलेलं न्यूक्लिओटाइडही प्रकाश शोषतं, त्यामुळे आकडा फुगतो. ब्रॅडफोर्ड ही रंगाने प्रोटीन मोजायची चाचणी करा, पण ट्यूबमध्ये टिकण्यासाठी बीएसए हे दुसरं प्रोटीन घातलेलं नाही ना, हे माहितीपत्रकात आधी बघा. जेलवर रॅब-५ साधारण २४ किलोडाल्टनला दिसतं. जीएसटी टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेला जास्तीचा तुकडा) असेल तर पन्नासच्या आसपास, तेव्हा ‘चुकीचं प्रोटीन पाठवलं’ म्हणून घाबरू नका.

रॅब-५ लायपोसोमवर (लिपिडच्या कृत्रिम पिशव्यांवर) चिकटत नाही, ही तक्रारही नेहमीची. मानवी पेशीत रॅब-५ च्या शेपटीला जेरानिलजेरानिल नावाची तेलकट साखळी जोडली जाते आणि ती पडद्यात रुतते. बॅक्टेरियाकडे ती जोडणारी यंत्रणाच नाही. शेपटीकडे हिस्टिडीन टॅग असलेलं प्रोटीन आणि निकेल असलेले लिपिड वापरले तर काम भागतं, पण ही जोडणी आपण केलेली आहे, पेशीची नाही, हे निष्कर्षात स्पष्ट लिहा.

आता आपल्या खान्देशाचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो आणि कुरियरचा खोका दुपारभर गेटवर पडून राहतो. मुंबई-पुण्याच्या सूचना इथे पुरत नाहीत. पार्सल सोमवारी निघेल असं बघा, म्हणजे ते शनिवार-रविवारी अडकत नाही. खोका उघडताच सुका बर्फ उरलाय का ते बघून फोटो काढा. प्रोटीन बर्फावरच वितळवा, ५-१० मायक्रोलिटरचे भाग करा आणि उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. एक भाग एकदाच वापरायचा. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर नको, तो बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून आतून गरम होतो. लाइट गेली तर उणे ८० चं दार कुणीही उघडायचं नाही, तशी चिठ्ठीच दारावर लावा.

व्होर्टेक्स मशीनवर ट्यूब जोरात हलवू नका, बोटाने टिचकी पुरते. वापरण्याआधी ४ अंशांवर दहा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून वरचा स्वच्छ भाग घ्या आणि तो पुन्हा मोजा.

एवढं करूनही जीटीपी-गॅमा-एस भरलेला नमुना ईईए-१ ला धरत नसेल, तर जेलचा फोटो, लॉट नंबर आणि तो सुक्या बर्फाचा फोटो जोडून कंपनीला बेधडक लिहा.