ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं नाही

फ्री ट्रायल म्हणून ॲप घेतलं, दोन दिवस वापरलं, नाही आवडलं, उडवून टाकलं, आणि मग महिन्याच्या महिन्याला पैसे कटतच राहतात, हे खूप जणांचं होतं. कारण सबस्क्रिप्शन ॲपला नाही तर तुमच्या गूगल किंवा ॲपल अकाउंटला जोडलेलं असतं, ते वेगळं कॅन्सल करावं लागतं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून वर कोपऱ्यात आपल्या फोटोवर टॅप करा, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जा, तिथे सगळी यादी दिसते. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव असतं, त्यात सबस्क्रिप्शन्स. आयफोनवर ट्रायल संपायच्या निदान 24 तास आधी कॅन्सल करा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

घरात लहान मुलं फोन घेत असतील तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोट मागेल असं सेटिंग आजच करून ठेवा, हे मी तर सगळ्यात महत्त्वाचं मानतो.

आणि हो, एकदाच पैसे भरून घेतलेलं ॲप नवीन फोनवर परत विकत घ्यायची गरज नसते, फोन त्याच प्रकारचा हवा, म्हणजे अँड्रॉइडवरून अँड्रॉइड किंवा आयफोनवरून आयफोन, आणि अकाउंट तेच हवं. कुणी लिंक पाठवून पेड ॲप फुकट देतंय म्हणालं तर ते अजिबात टाकू नका, त्यात काय भरलंय सांगता येत नाही.